‘दादा, तू आता आपल्यातला राहिला नाहीस’

ताई, सप्रेम नमस्कार.

माझं वय ४४. एका कंपनीत कायम नोकरी आहे. घरात मी, बायको, दोन मुलं आणि आई असे पाच जण, कमावणारा मी एकटा. धाकटा भाऊ स्वतःचा छोटा व्यवसाय करतो. तो आणि त्याची बायको असे दोघंच, वडिलांनी बांधलेल्या घरात राहतात. त्याची मिळकत माझ्या मिळकतीच्या साधारण साठ टक्के. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन करायचं ठरलंय. मी म्हटलं, खर्च निम्मा-निम्मा करू. तो म्हणाला, “दादा, तू आता आपल्यातला राहिला नाहीस. वरच्या वर्गात गेलास. तूच कर.”

त्या रात्री मी इंटरनेटवर, आपण कोणत्या वर्गात मोडतो ते सांगणाऱ्या एका कॅल्क्युलेटरमध्ये माझा पगार टाकला. त्याने एवढंच विचारलं होतं. उत्तर आलं, ‘उच्च उत्पन्न गट’. मला फार राग आला. महिन्याच्या २५ तारखेला माझ्या खात्यात जे उरतं ते पाहून मला कोणी उच्च म्हणेल का? घराचा हप्ता, गाडीचा हप्ता, मुलांच्या फिया. मी रात्री साडेनऊला घरी पोचतो. भाऊ सहाला घरी असतो, बायकोबरोबर फिरायला जातो, दोन वर्षांपासून गाणं शिकतोय. गेल्या वर्षी दोन महिने त्याला काम नव्हतं हे खरं, पण निभावलं त्याने. मग आमच्यातला मध्यमवर्गीय कोण? वर्ग मिळकतीवर ठरतो की जगण्यावर?

आमचं हे भांडण झालं तेव्हा आई मधल्या खोलीत होती. तिने सगळं ऐकलं.

— एक मोठा भाऊ

*

नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना शेवटच्या दोन ओळींपाशी थांबले. त्यांच्याकडे नंतर येते. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते तुम्हाला हवंय आणि गोल-गोल बोलून तुमचा त्रास कमी होणार नाही. माझ्या मते तुम्ही मध्यमवर्गीयच आहात. पण म्हणून ऑपरेशनचा खर्च निम्मा-निम्मा व्हायला हवा, असं मात्र होत नाही. या दोन गोष्टी तुम्ही एकीत एक गुंतवल्यात, आणि भावानेही तेच केलंय.

आधी तो कॅल्क्युलेटर. त्याने फक्त पगार विचारला, म्हणजे निम्मा प्रश्न विचारला. मिळकतीवरून वर्ग ठरवणारे जाणकारसुद्धा असं करत नाहीत. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१९ मध्ये मध्यमवर्गावर एक मोठा अहवाल काढला. त्यात मोजमाप असं होतं: देशातल्या सगळ्या लोकांना मिळकतीप्रमाणे रांगेत उभं करायचं, बरोबर मधल्या माणसाची मिळकत घ्यायची (शाळेत आपण हिला ‘मध्यक’ म्हणायचो), आणि तिच्या ७५ टक्क्यांपासून २०० टक्क्यांपर्यंत जे येतील ते मधल्या उत्पन्न गटातले. अमेरिकेतलं प्यू रिसर्च सेंटर हीच रेषा दोन तृतीयांशापासून दुपटीपर्यंत ओढतं. म्हणजे नुसती रेषा जरा सरकवली तरी एखादं घर या वर्गातून त्या वर्गात जातं, आणि त्या घराला त्याचा पत्ताही नसतो. पण या दोघांच्याही हिशोबात एक गोष्ट पक्की असते. मिळकत घराची धरतात आणि ती घरातल्या माणसांवर वाटून मग रांगेत लावतात.

ही वाटणीही सरळ डोक्यांवर होत नाही. पाच माणसांना दोन माणसांच्या अडीचपट खर्च येत नाही, कारण दिवा एकच असतो, छप्पर एकच असतं. म्हणून घराच्या मिळकतीला माणसांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागायची पद्धत आहे. तुमच्या घरी करून बघू. तुमची मिळकत १०० धरा, भावाची ६०. तुमच्याकडे पाच जण. पाचाचं वर्गमूळ साधारण २.२४, म्हणजे तुमच्या वाट्याला आले जवळपास ४५. भावाकडे दोघं. दोनाचं वर्गमूळ १.४१, म्हणजे त्याच्या वाट्याला साडेबेचाळीस.

४५ आणि साडेबेचाळीस. आता ही दरी तुमच्या भावाला ‘वरचा वर्ग’ आणि ‘आपण’ अशी दिसते, यात त्याचा दोष नाही. त्याला तुमचा पगार दिसतो. तो पगार किती ताटांत वाटला जातो हे दुसऱ्याच्या घरात सहसा कोणाला दिसत नाही. शिवाय त्या पाचांतली एक त्याचीही आई आहे, आणि तिचा रोजचा खर्च आत्तापर्यंत तुमच्या १०० मधूनच झालाय. हे तुम्ही त्याला कधी सांगितलं नसेल असं मला पत्राच्या सुरावरून वाटतं. सांगायला हवं होतं असं मी म्हणत नाही. पण हिशोब निघालाच आहे, तर तो पूर्ण निघू दे.

आता घर. तो वडिलांच्या घरात राहतो, भाडं नाही, हप्ता नाही. अर्थशास्त्रात याला पैशातच मोजतात: स्वतःच्या घरात राहणारा माणूस जे भाडं वाचवतो, ती त्याची न दिसणारी मिळकत. त्याच्या ६० मध्ये ती मिळवली तर कदाचित तो तुमच्या पुढेही जाईल. ओईसीडीच्या त्याच अहवालात म्हटलंय की संघटनेच्या सदस्य देशांत मधल्या गटातल्या घरांचा निवाऱ्यावरचा खर्च १९९० च्या दशकात मिळकतीच्या पाव हिस्सा होता, तो वाढून एक तृतीयांशावर आला. आणि पाचातल्या एकाहून जास्त घरांत मिळकतीपेक्षा खर्च मोठा आहे. महिन्याच्या २५ तारखेला तुम्हाला जे वाटतं ते तुमचं एकट्याचं नाही. पगाराचा आकडा तोच ठेवून नुसतं घराचं ओझं वाढलं की माणूस त्याच वर्गात राहतो आणि तरी त्याला खाली आल्यासारखं वाटतं.

पण थांबा, तुमच्या बाजूनेच बोलत राहिले तर तो सल्ला होणार नाही. घराच्या हप्त्यात दोन भाग असतात. व्याज जातं ते गेलं. मुद्दल फिटतं ती मात्र तुमची बचत आहे, विटांच्या रूपात. पंधरा-वीस वर्षांनी ते घर तुमचं असेल. त्यामुळे ‘माझ्याकडे काही उरत नाही’ हे वाक्य खात्याबद्दल खरं असलं तरी तुमच्याबद्दल पूर्ण खरं नाही. तुमचं उरतं, फक्त ते तुमच्या हाताला लागत नाही. आणि गाडीचा हप्ता मी घराच्या हप्त्याशेजारी बसवणार नाही. पत्रात तुम्ही तिन्ही एका ओळीत लिहिलेत: घर, गाडी, फिया. ते तीन वेगळे खर्च आहेत. एक टाळता येत नव्हता, एक टाळता आला असता, आणि तिसऱ्यावर प्रामाणिक माणसांत मतभेद होऊ शकतात. ओढाताण परिस्थितीने आलेली असते तशी आपण निवडलेलीही असते. दोन्हींत झोप सारखीच उडते हे मला माहीत आहे. पण खर्चाच्या वाटणीत निवडलेल्या ओढाताणीचा भार भावावर टाकता येत नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, मिळकत की जगणं. या वादात मला सगळ्यात पटलेलं मोजमाप फार साधं आहे. लॅटिन अमेरिकेतल्या देशांचा अभ्यास करताना जागतिक बँकेच्या अर्थतज्ज्ञांनी प्रश्नच बदलला. माणूस किती कमावतो याऐवजी त्यांनी विचारलं की येत्या पाच वर्षांत हे घर गरिबीत कोसळण्याची शक्यता किती? ती शक्यता १० टक्क्यांहून कमी असेल तर ते घर मध्यमवर्गात. त्यावरून त्यांनी माणशी रोजचे १० डॉलर ही खालची रेषा काढली, वरची ५० डॉलर (देशोदेशींच्या किमतींतला फरक सारखा करून घेतलेले डॉलर). २०१३ च्या अहवालात हे सविस्तर आहे. गरिबीच्या वर पण या रेषेखाली जे राहिले, त्यांना त्यांनी गरीबही म्हटलं नाही आणि मध्यमवर्गही म्हटलं नाही. ते डळमळीत उभे असलेले लोक, एका धक्क्याने खाली जाणारे.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या घरातला पत्र्याचा डबा आठवला. आईच्या कपाटात साड्यांच्या मागे असायचा, झाकण इतकं घट्ट की उघडताना आवाज व्हायचा. पगाराच्या दिवशी वडील त्यात थोडे पैसे टाकायचे आणि डब्यातल्या वहीच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने आकडा वाढवायचे. वर शीर्षक होतं, ‘अडीनडीला’. आमच्या शेजारच्या काकांची कमाई वडिलांपेक्षा जास्त होती, पण ती रोजच्या कामावर होती, काम असेल तर. त्यांच्याकडे आमच्या आधी सगळ्या वस्तू आल्या. मग एकदा ते पडले, तीन महिने घरात होते, आणि त्या वस्तू एकेक करून गेल्या. एका दुपारी काकू आमच्याकडे आल्या तेव्हा झाकणाचा तो आवाज मी आतल्या खोलीतून ऐकला. काकांची कमाई जास्त होती आणि मध्यमवर्ग आम्ही होतो. तेव्हा मला हे शब्दांत सांगता आलं नसतं.

अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो या अर्थतज्ज्ञांनी २००८ मध्ये तेरा देशांतल्या पाहण्यांवरून असाच शोध घेतला होता, की गरीब देशांतल्या मधल्या घरांत नेमकं वेगळं काय असतं. त्यांच्या हाती जे लागलं त्यात सगळ्यात ठळक होतं ते उद्योजकपण नव्हे, तर नियमित पगाराची, टिकाऊ नोकरी. महिन्याच्या महिन्याला पैसे येणार हे ठाऊक असलेला माणूस पुढचं ठरवू शकतो. मुलांना शाळेत घालताना तो दहा वर्षांचा विचार करतो. त्या ठाऊक असण्याची किंमत पगाराच्या आकड्यात दिसत नाही.

आणि इथे तुमच्या भावाचं पारडं हलकं होतं. गेल्या वर्षी त्याला दोन महिने काम नव्हतं. तुम्ही लिहिलंत, ‘निभावलं त्याने’. कसं निभावलं, हे तुम्ही त्याला विचारलंत का? तुमचा पगार तुम्ही आजारी पडलात तरी काही काळ येतो, बहुतेक नोकरीतून आरोग्य विमाही असेल. त्याच्यामागे तसं काही आहे असं तुमच्या पत्रात कुठे दिसत नाही. वाट्याला येणारी मिळकत ४५ आणि साडेबेचाळीस असली तरी तुमचे ४५ दर महिन्याला येतात, त्याचे साडेबेचाळीस कधी येतात, कधी येत नाहीत. त्याला तुम्ही वरच्या वर्गात गेलेले दिसता याचं मूळ मला इथे वाटतं. त्याला तुमच्या पगारापेक्षा तुमची निश्चिंती दिसते. ती तुम्हाला स्वतःला दिसत नाही, कारण ती सतत असते.

उलट तुम्हाला त्याच्याकडे काय दिसतं? संध्याकाळ. सहा वाजता घरी येणं, बायकोबरोबर फिरणं, गाणं. पत्रात सगळ्यात जीव ओतून लिहिलेल्या ओळी त्याच आहेत. अमर्त्य सेन गेली चाळीसहून जास्त वर्षं हेच सांगत आलेत, की माणसाची स्थिती त्याच्याजवळ काय आहे यावर मोजू नका, तो काय करू शकतो आणि काय होऊ शकतो यावर मोजा. १९९० पासून निघणारा संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक याच विचारातून आला. म्हणून त्यात मिळकतीबरोबर आयुर्मान आणि शिक्षणही धरतात. पण त्या निर्देशांकातही संध्याकाळ नाही. तुमच्या आयुष्यातून रोज साडेतीन तास जातात ते कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत, तरी ते नसण्यानेच तुम्हाला गरीब वाटतंय. त्या अर्थाने तो तुमच्यापेक्षा श्रीमंत आहे, आणि हे म्हणताना मी त्याच्या रिकाम्या दोन महिन्यांना विसरलेली नाही.

मग वर्ग जगण्यावर ठरवावा का? एकट्या जगण्यावर नको, असं मला वाटतं. २०१० मध्ये अमेरिकी सरकारच्या वाणिज्य खात्याने एका अहवालात म्हटलं होतं की मध्यमवर्गीय कुटुंबं मिळकतीपेक्षा त्यांच्या आकांक्षांवरून ओळखावीत: स्वतःचं घर, गाडी, मुलांचं कॉलेज, आजारपणाची आणि म्हातारपणाची तजवीज, अधूनमधून सुट्टीतला प्रवास. ऐकायला बरं वाटतं. पण आकांक्षेवरून मोजायला गेलं तर भरपूर कमावणाराही स्वतःला मधलाच म्हणेल, कारण त्याच्या आकांक्षा त्याच्या पुढेच चालतात. आणि खालचाही मधलाच म्हणेल, कारण स्वप्नं त्यालाही पडतात. आपण आपल्या आसपासच्यांकडे बघून स्वतःची जागा ठरवतो. ब्युनोस आयर्समध्ये काही अर्थतज्ज्ञांनी लोकांना विचारलं होतं की मिळकतीच्या रांगेत तुम्ही कुठे आहात. लोकांचे अंदाज बरेच चुकले, आणि ज्या वस्तीत ते राहत होते तिच्याप्रमाणे चुकले. तुमच्या ऑफिसात तुमच्याहून जास्त कमावणारे असतील. त्यांच्यात बसून तुम्ही स्वतःला मोजता. भाऊ त्याच्याबरोबर काम करणाऱ्यांत बसून तुम्हाला मोजतो. दोघंही खोटं बोलत नाही आहात.

म्हणून मी तुम्हाला वर्गाचा निकाल आता बाजूला ठेवायला सांगते. ऑपरेशनचा खर्च ‘तू कोण’ यावर वाटायचा नसतो. ‘तुला आत्ता किती झेपेल’ यावर वाटायचा असतो.

तुम्ही दोघं एका संध्याकाळी बसा. बायकांनाही बसवा, कारण घराचा खर्च त्यांना जास्त माहीत असतो. प्रत्येकाने कागदावर तीन आकडे लिहायचे. हातात येणारी वर्षाची मिळकत, महिन्याची नाही, म्हणजे त्याचे रिकामे महिनेही त्यात येतील. मग टाळता न येणारा खर्च: निवारा, रोजचं खाणं, औषधं, मुलांचं शिक्षण. गाडी त्यात लिहिण्याआधी स्वतःला विचारा. आणि तिसरा, उद्या मिळकत थांबली तर घर किती महिने चालेल. तिसऱ्या आकड्यावर घाई करू नका, तिथेच खरं बोलणं होईल. पहिल्यातून दुसरा वजा केला की जे उरेल त्याच्या प्रमाणात पैसे वाटा. ज्याचा तिसरा आकडा तीनहून कमी असेल त्याचा वाटा आणखी हलका करा. माझा अंदाज, तुमचा वाटा निम्म्याहून जास्त निघेल आणि सगळा मात्र निघणार नाही.

पैशांच्या आधी एक गोष्ट बघा. तुमच्या कंपनीच्या विम्यात आई-वडील येतात का, आणि जुन्या दुखण्यासाठी काही काळ थांबावं लागतं का. कागद नीट वाचा. ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आणि भावाकडे जे आहे ते मागा. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खरं काम घरी सुरू होतं. रोजचे व्यायाम, चालायला लावणं, जिन्यावर हात धरणं, दुखतं म्हणून टाळणाऱ्या माणसाला समजावणं. कितीतरी आठवडे चालतं ते. तुम्ही साडेनऊला येता, तेव्हा आई झोपलेली असेल. तो सहाला मोकळा होतो. त्या रोजच्या संध्याकाळी हा त्याचा वाटा आहे, आणि तो कागदावर लिहा, पैशांच्या आकड्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात. नाहीतर पुढे ‘मी पैसे दिले’ आणि ‘मी केलं’ असं दुसरं भांडण उभं राहील. त्याला हेही सांगा की तुम्हाला त्याच्या संध्याकाळींचा हेवा वाटतो. मला लिहिलंत तसंच सांगा. ‘तू आपल्यातला राहिला नाहीस’ याला माझ्या मते यापेक्षा चांगलं उत्तर नाही.

आता तुमच्या शेवटच्या ओळी. मधल्या खोलीतून आईने ऐकलं ते एवढंच, की तिच्या गुडघ्यावरून तिची दोन मुलं एकमेकांना परकी म्हणतायत. अशा वेळी बऱ्याच आया म्हणतात, मला नकोच ते ऑपरेशन, चालतंय माझं. तुमच्या आईने अजून म्हटलं नसेल तर लवकरच म्हणेल. तोवर थांबू नका. कागदांची ती बैठक व्हायची तेव्हा होईल. आज घरी गेल्यावर ती जागी असेल तर तिच्याजवळ बसा आणि विचारा की ऑपरेशन कधी करायचं, तिला कोणता महिना बरा वाटतो. झोपलेली असेल तर उद्या सकाळी, निघण्याआधी.